चिकाच्या पडद्याचं शीड

फोन आक्काचाच होता. इतक्या सकाळी ती तारनाक्याच्या माझ्या घरी कधी फोन करत नाही. “बाबू, ये,” ती म्हणाली. “घाई करू नकोस, चार घास खाऊन ये. हे गेले.” मग थोडं थांबून म्हणाली, “चहा मागितला. मी कपबशी घेऊन आले, तर खुर्चीतच...” आवाजात कंप नव्हता. आक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, आणि ‘हे’ म्हणजे माझे दाजी, यशवंतराव कळंबकर. ऐंशी उलटलेला माणूस सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या जातो, यात आक्रोश करण्यासारखं काही नसतं हे मला कळत होतं. तरी काचीगुड्याला तिच्या घरी पोचेपर्यंत रिक्षात माझे डोळे कोरडे राहिले नाहीत.

अंत्यविधीला पाटबंधारे खात्यातली जुनी माणसं आली होती. कुणी दाजींनी बांधलेल्या कालव्यांबद्दल बोललं, कुणी त्यांच्या सचोटीबद्दल. सगळं खरंच होतं. दहाव्याच्या दिवशी मात्र त्यांचा नातू माझ्याशेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, “मामाआजोबा, नानांनी बोट बनवली होती म्हणे? रिअली? हैदराबादमध्ये?”

“हौ,” मी म्हटलं. “इथंच. या घराच्या मागच्या मोकळ्या जागेत.”

तो हसला. मी थट्टा करतोय असं त्याला वाटलं असावं. समुद्र जिथून शेकडो मैल दूर, तिथे शिडाची बोट कोण बांधेल? घरी परतताना वाटलं, ती बोट पहिल्यांदा समुद्रात नेणारी माणसं आता आम्ही दोनच उरलो, आक्का आणि मी. आक्का काही लिहायची नाही. म्हणून मी लिहितो आहे.

रियासतीचे दिवस होते ते. आमचं घराणं चिक्कडपल्लीतलं, तीन पिढ्या वकिली आणि कचेरी. दाजींचे वडील मदरशात, म्हणजे तिथल्या शाळेत, गणित शिकवायचे. दाजी इंजिनिअरिंग शिकायला पुण्याला गेले आणि तिथे नदीवर त्यांना शिडाच्या होडीचा नाद लागला. परत येऊन रियासतीच्या नोकरीत शिरले, आक्काशी लग्न झालं, तरी नाद सुटला नाही. रविवारी हुसेनसागरावर साहेबलोकांच्या होड्या फिरायच्या, त्यांच्यातल्या एकाशी दाजींनी दोस्ती केली होती. पांढरी विजार, डोक्याला दस्ती बांधलेली, दोरावर अंग मागे झोकून पाण्यावर कलंडलेले दाजी मी बंडावरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, पाहिले आहेत. कचेरीतले मितभाषी इंजिनिअरसाहेब आणि हे गृहस्थ एकच, हे सांगून कुणाला पटलं नसतं.

मग तो अपघात झाला. एका नदीवर बंधाऱ्याचं काम चाललं होतं, खडक फोडायला सुरुंग लावले होते, त्यातला एक उशिरा उडाला. दाजींचा उजवा हात मनगटाच्या वरून कापावा लागला. दवाखान्यातून घरी आले ते जवळजवळ मुके होऊनच. खात्याने त्यांना शहरात टेबलाचं काम दिलं. डाव्या हाताने लिहायला ते चिकाटीने शिकले, डाव्या हाताने जेवायला मात्र लाजत. होड्यांच्या क्लबच्या चिटणिसाने त्यांना अतिशय अदबीने सांगितलं की एका हाताने शीड सांभाळणं धोक्याचं आहे, त्यांनी काठावर बसून सरबत जरूर घ्यावं. दाजींनी वाद घातला नाही. त्या दिवसापासून ते सिकंदराबादेला जायचं असलं की लांबचा रस्ता धरू लागले, तलाव दिसू नये म्हणून. आम्ही सगळे समजत होतो की हे दुःख हाताचं आहे...

उन्हाळ्यातली एक दुपार. मी काही कामाने काचीगुड्याला गेलो होतो. व्हरांड्यात चिकाचे पडदे सोडलेले, बाहेर झळा. आक्काच्या कडेवर तान्ही मुलगी होती. तिने एका हाताने दोर सैल केला आणि वर गुंडाळलेला पडदा सरसर खाली आला. तेवढ्यात वाऱ्याचा मोठा झोत आला. शेजारच्या खिडकीवरचा साधा कापडी पडदा फाडफाड वाजायला लागला, पण चिकाचा पडदा नुसता फुगला, ताठ राहिला. बांबूच्या कांब्यांनी त्याला धरून ठेवलं होतं. आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेले दाजी उठून बसले.

“अगं, तो पडदा परत वर घे बरं.”

आक्काने घेतला.

“आता सोड. अर्ध्यात थांबव. आता आणखी थोडा सोड.”

“अहो, झालंय काय तुम्हाला? पोर रडतेय माझी.”

“तिला घेऊनच सोड. कडेवरून उतरवू नकोस तिला. मला एकाच हाताने करून दाखव.”

आक्काने किती वेळा तो पडदा वरखाली केला असेल कोण जाणे. दाजी खालून, बाजूने, व्हरांड्याबाहेर उन्हात उभे राहून बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “वकीलसाहेब, शिडाला पडद्यासारख्या कांब्या घातल्या तर?” अपघातानंतर त्यांनी मला प्रथमच ‘वकीलसाहेब’ म्हणून चिडवलं होतं. मला कांब्यांचं काही कळलं नाही, पण त्या हाकेने बरं वाटलं.

कल्पना अशी होती. नेहमीच्या होडीचं शीड वारा वाढला की लहान करावं लागतं, आणि त्यासाठी फडफडतं कापड दोन्ही हातांनी आवळून बांधावं लागतं. शिडात आडव्या बांबूच्या कांब्या शिवल्या तर कापड फडफडणार नाही. दोर सैल केला की शीड स्वतःच्या वजनाने, पत्त्यांच्या कॅटासारखं घडीवर घडी पडत खाली येईल आणि हवं तिथे थांबेल. सगळं सुकाणूजवळ बसून, एका हाताने. पुढे कुठल्याशा ग्रंथालयात त्यांना एक चित्र सापडलं, चिनी जहाजांचं. त्यांची शिडं हुबेहूब अशीच होती, शेकडो वर्षांपासून. दाजी पोट धरून हसले. “घ्या! माझी कल्पना त्यांनी माझ्या जन्माआधीच चोरली!”

पण त्यांना तलावात चकरा मारायची होडी नको होती. राहता येईल, प्रवास करता येईल अशी नाव हवी होती. सिकंदराबादेहून रेल्वेने बेजवाड्याला न्यायची, तिथून कालव्याने बंदर गावापर्यंत, आणि तिथून समुद्रात. कालवे उथळ, म्हणून तळ बराचसा सपाट आणि मधोमध वर ओढून घेता येईल अशी फळी. कालव्यांवर जागोजागी पूल, म्हणून डोलकाठी आडवी करता आली पाहिजे. तिला कुठल्याही बाजूने ताणाचे दोर नकोत, नुसती खोबणीत उभी राहणारी, एखाद्या झाडासारखी. आत दोन माणसं झोपतील एवढी बुटकी खोली, एक सिगडी, एक पाण्याचं पिंप. हे सगळं त्यांनी डाव्या हाताने कागदावर काढलं. कागद हलू नये म्हणून त्यावर स्वयंपाकघरातला वरवंटा ठेवलेला असायचा, आणि आक्का वाटणासाठी तो मागत बसायची.

बांधायला आले करीममियां. मूळचे बग्ग्या बांधणारे, लाकूड वाकवण्यात हातखंडा, पण बोट त्यांनी जन्मात बांधली नव्हती. नकाशा उलटासुलटा करून पाहत ते म्हणाले, “साब, लकडी का काम मेरा, तैराने का काम तुमारा. डूबी तो मेरेकू नक्को बोलो.” दाजींना हा करार एकदम मान्य झाला. सागवान आदिलाबादेकडचं. शिडाचं कापड छावणीतल्या तंबूवाल्याकडचं, ते आक्काने आपल्या मशीनवर शिवलं. कापड कुजू नये म्हणून बाभळीच्या सालीच्या काढ्यात घालून उकळलं. त्याचा रंग असा चढला की पुढे कित्येक महिने त्या घरातली धोतरं आणि पोरांची झबली तांबूस दिसत. आमचे वडील, आप्पा, हे बघून संतापले. “हात गेला, आता डोकंही गेलं की काय जावईबापूंचं?” असं त्यांनी मला विचारलं.

पहिली चाचणी हुसेनसागरावर झाली, आणि साफ फसली. बैलगाडीवरून नाव निघाली तेव्हा चिक्कडपल्लीच्या बाजारात दुकानदार उठून उभे राहिले. एकाने विचारलं, “क्या है मियां, तोप?” करीममियां ऐटीत म्हणाले, “नवाबसाब, नाव!” पाण्यात उतरली, तरंगली. तांबडं शीड वर गेलं, काठावरची गर्दी वाहवा म्हणाली, आणि एका झोतात सागवानी डोलकाठी बुंध्याशी कडाडून मोडली. शीड, काठी, दोर सगळं पाण्यात. क्लबच्याच एका मोटरबोटीने आम्हाला ओढून काठाला आणलं. चिटणिसाने फक्त टोपीला हात लावला. ते जास्त लागलं.

त्या संध्याकाळी आप्पा काचीगुड्याला गेले आणि आक्काला म्हणाले, “पोरांना घे आणि चिक्कडपल्लीला चल. याचं वेड उतरलं की ये.” आक्का शिडाचं ओलं कापड वाळत घालत होती. वळूनही न बघता म्हणाली, “आप्पा, गेलं वर्षभर हा माणूस माझ्याशी बोलत नव्हता. आता रोज बोलतो. कांब्यांबद्दल बोलतो, दोरांबद्दल बोलतो, पण बोलतो. मी कुठेही येणार नाही.” आप्पा आले तसे परत गेले. पुढे त्यांनी विषय काढला नाही.

दाजी कामानिमित्त बंदरला गेले तेव्हा तिथल्या कोळ्यांच्या नावांवर सुरूच्या झाडाच्या डोलकाठ्या पाहून आले. सुरू जड, पण चिवट. वाऱ्यात लवतो, मोडत नाही. एक सरळसोट खोड त्यांनी मालगाडीने मागवून घेतलं. दुसऱ्या चाचणीला त्यांनी कुणाला बोलावलं नाही, आम्ही तिघंच होतो. वारा पहिल्यापेक्षा जास्त होता. दाजी सुकाणू काखेत धरून बसले, डाव्या हाताने दोर सोडला आणि शीड एक घडी खाली आलं. आणखी सोडला, आणखी एक घडी. मग दोर ओढून, पायाखाली दाबून, पुन्हा ओढून सगळं शीड वर चढवलं. पुन्हा उतरवलं. आक्का माझ्यासमोर बसली होती, पदर तोंडात धरून. ती हसतेय की रडतेय हे मला कळेना.

नावेला नाव मात्र नव्हतं. आक्काने ‘गोदावरी’ सुचवलं, मी दोनचार सुचवली. दाजी म्हणत, “नंतर बघू.”

फाल्गुनात किनाऱ्यावर दक्षिणेचा वारा सुरू होतो. त्या सुमाराला दाजींनी रजा काढली. बंदरहून उत्तरेला काकीनाड्यापर्यंत जायचं असा बेत. मी पोहता न येणारा माणूस, तरी हट्टाने बरोबर निघालो, कारण बहिणीला एकटं सोडायला मन घेईना. त्याआधी मी दाजींना स्पष्ट म्हटलं होतं, “आक्काला नका नेऊ.” ते म्हणाले, “तिलाच विचारा.” विचारलं, तर आक्का म्हणाली, “शीड मी शिवलंय. समुद्रात फाटलं तर काय तू शिवणार आहेस?” पोरं आमच्या आईकडे ठेवली. नाव मालगाडीच्या उघड्या वाघिणीतून बेजवाड्याला गेली आणि पुढे कालव्यातून आमची वरात निघाली. काठावरची पोरं तांबड्या शिडामागे धावत. पूल आला की मी आणि आक्का डोलकाठी आडवी करायचो, दाजी हुकूम न देता नुसते बघायचे. हे मला तेव्हा जरा खटकलं होतं. सांगायचं ते सगळं सांगत, पण ‘आता करा’ असं कधी म्हणत नसत.

बंदरच्या खाडीच्या तोंडाशी आलो. ओहोटी लागलेली, वारा मनासारखा, पुढे मोकळं पाणी. सगळं तयार होतं आणि दाजी गप्प बसून राहिले. ओहोटी संपत चालली. मी आक्काकडे पाहिलं, तिने मला डोळ्यांनीच थांबवलं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “निघायचं ना?” दाजींच्या कपाळावर घाम होता. त्यांनी ओठ हलवले, आवाज आला नाही. मग एकदम, नको तितक्या मोठ्याने ते म्हणाले, “चला!”

सुरुवातीचा सगळा प्रवास सुखाचा झाला. मी ओकत होतो एवढं सोडलं तर. गोदावरीच्या मुखाजवळ वाळूचे दांडे समुद्रात दूरवर गेलेले आहेत, तिथे एका दुपारी आभाळ काळवंडलं आणि वाऱ्याने दिशाच बदलली. लाटा उभ्या राहिल्या. नाव इतकी कलली की खोलीतली भांडी माझ्या अंगावर आली. दाजींनी सुकाणू आक्काकडे दिलं, “त्या ताडांकडे तोंड ठेव, काही झालं तरी,” एवढंच म्हणाले, आणि दोर सोडला. घडी पडली. आणखी एक. आणखी एक. शेवटी शिडाचा टीचभर तुकडा उरला आणि नाव सरळ झाली, जणू कुणी तिला खांद्याला धरून उभं केलं. दांड्याच्या आडोशाला शिरलो, नांगर टाकला. सगळं मिळून फार वेळ लागला नसेल. मी त्या वेळात एक पिंप मिठी मारून धरलं होतं, माझी कामगिरी तेवढीच.

दिवस मावळायला आला होता, वारा पडला होता. आक्काने सिगडी पेटवली. दाजी आखडलेल्या शिडाला टेकून बसले होते. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी ते बोलायला लागले.

“सुरुंगाच्या दिवशी माझ्यापुढे दोघं होते. नरसिंग आणि बालम्मा, नवराबायको. खडी उचलायला. धमाके झाले. मुकादम म्हणाला, झाले सगळे. मला एक कमी वाटला होता. तरी मी हात वर केला आणि म्हटलं, चला.” ते थांबले. “याच हाताने...” आणि त्यांनी उजवी बाही थोडी वर उचलली. “हात गेला याचं मला एक दिवसही वाईट वाटलं नाही, वकीलसाहेब. तुम्ही सगळे त्याच्यासाठी हळहळत होता, आणि मला लाज वाटायची. ते दोघं तिथेच गेले. त्यानंतर मी कुणाला ‘चला’ म्हटलं नव्हतं. परवा म्हटलं.”

आक्काने भाकरी उलटली, कारण ती करपायला लागली होती. मग तिने विचारलं, “बालम्मा केवढी होती?”

“तुझ्याएवढी असेल.”

काकीनाड्याला पोचल्यावर दाजींनी रंगाचा डबा आणला आणि डाव्या हाताने, जरा वाकड्या तेलुगू अक्षरांत नावेच्या अंगावर लिहिलं, ‘बालम्मा’. मी विचारलं, नरसिंगाचं का नाही? म्हणाले, “कचेरीत त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं. हिला सगळे ‘त्याची बायको’ म्हणत.” हैदराबादेत लोकांनी या नावाबद्दल पुष्कळ विचारलं. आम्हा तिघांपैकी कुणी सांगितलं नाही. आज सांगितलं तर दाजी रागावणार नाहीत असं वाटतं.

त्यानंतर कितीतरी हिवाळे-उन्हाळे ‘बालम्मा’ त्या किनाऱ्यावर फिरली. दाजी पुन्हा बंधाऱ्यांच्या कामावर जाऊ लागले, स्वतः मागून घेऊन. त्यांच्या कामावर सुरुंग उडाले की सगळ्यांत आधी खडकापर्यंत ते एकटे चालत जात, आणि परत आल्याशिवाय कुणाला हलू देत नसत. रियासतीच्या शेवटच्या वर्षात सगळंच बिनसलं, गाड्या बंद पडल्या, बंदरला जाणं अशक्य झालं. नाव तिथे एका कोळ्याच्या अंगणात होती. शांतता झाल्यावर निरोप आला की मधल्या एका वादळात ती वाहून गेली. दाजींनी निरोप आणणाऱ्याला एकच प्रश्न विचारला, “तिच्यात कोणी होतं का?” नव्हतं. “मग ठीक आहे,” असं म्हणून त्यांनी त्याला चहा दिला. दुसरी नाव त्यांनी बांधली नाही. मला वाटतं, त्यांना गरज उरली नव्हती.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. आक्काने दाजींचे कपडे द्यायला काढले होते. धोतरं, सदरे, दोन कोट, ज्यांच्या उजव्या बाह्या तिने वर्षानुवर्षं दुमडून शिवल्या होत्या. एका जुन्या चादरीत तिने गाठोडं केलं, वरून सुतळी गुंडाळली, एक टोक आपल्या उजव्या हातात धरलं आणि दुसरं टोक हवेत पुढे करून तशीच थांबली. मला कळेना ती कशाला थांबलीय. मग तिच्याच लक्षात आलं.

“आम्ही गाठ अशीच मारायचो,” ती म्हणाली. “एक टोक ते, एक मी. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मी एकटीने गाठ मारली नाही रे बाबू.”

मी पुढे सरकून हात केला.

“हा नको,” आक्का म्हणाली. “डावा दे.”